ऑकलंडहून बावीस तास

पनवेलजवळच्या त्या गावात कोणी गेलं, की रडं आवरायच्या आत काशिरामला फोन जायचा. तिरडी, लाकडं, बर्फ, सगळं तोच बघायचा. पण त्याची खरी हुशारी वेगळीच. गडी जन्मात विमानात बसला नव्हता, तरी कुठल्या देशातून पोरगा किती वेळात दारात उभा राहील, ते तो फटकन सांगायचा. दुबई, सात तास. लंडन, चौदा. टोरांटो म्हटलं की मान हलवून जास्तीचा बर्फ मागवायचा. अग्नी मुलानेच द्यायचा, म्हणून सगळी भावकी त्याच्या शब्दावर बसून राहायची.

त्याचा एकुलता एक मुलगा हृतिक ऑकलंडला होता. बारा हजार किलोमीटर, सिंगापूरला विमान बदलून घरापर्यंत बावीस तास. हा आकडा मात्र काशिरामने कधी तोंडाबाहेर काढला नव्हता.

मंगळवारी सकाळी नऊला हृतिकचा फोन आला. तो विमानतळावरून बोलत होता, रडत होता.

"बाबा, आपल्याकडच्या बाराला माझं विमान सुटतंय. तवर आयला ठेवाल ना?"

"आयला काय झालंय? तुला कोन बोलला?"

"तुमीच की. मगाशी फोन केलात. आय गेली, निघ, असं बोललात."

काशिरामने सकाळपासून फोनला हात लावला नव्हता. आणि त्याची बायको भामा तर समोर बसून कोळंबी सोलत होती. त्याने फोन तिच्या कानाला लावला.

"मी बरी हाय रं," ती हसली. "कोनी चेष्टा केली असल."

हृतिकचा जीव भांड्यात पडला. "तिकीट काढलंच हाय तर येतो गं. तुला बघीन तरी."

काशिरामने फोन ओढून घेतला. "येऊ नको. नाय म्हंजे नाय."

पोरगा असा घाईने विमानात बसला, की इकडे घरात मढं असतंच, हे त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं. मग पोरगा निघालाच नाही, तर मरण तरी कशाला येईल? गावाला शहाणपण शिकवणारा माणूस स्वतःच्या वेळेला असा खुळा झाला. बारा वाजून गेल्यावर त्याला हायसं वाटलं.

बुधवारी सकाळी दहाला कडी वाजली. त्याने दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं.

"हृतिक आला का?" भामाने आतून विचारलं.

"नाय."

तरीही जेवताना तिने तिसरं ताट मांडलं आणि त्या ताटाकडे बघत बसली. काशिरामला ते उचलायला सांगण्याचा धीर झाला नाही. एक वाजता ती पाणी आणायला उठली आणि तिथंच कोसळली.

भावकी जमली. पुतण्या शैलेश हळूच जवळ आला. "काका, हृतिकला किती तास धरू?"

"तीन तास," काशिराम म्हणाला.

"म्हंजे मुंबईत उतरला?"

"त्याला मी येऊ नको बोललो रं. आला असता तर दहाला पोचला असता. तीन तास भेटली असती दोघं."