समयांना गुंडाळलेली भाकितं

दुकान बंद केलं त्या दिवसापासून माझा मुलगा चटईवर भिंतीकडे तोंड करून पडून आहे. पितळी समयांचं आमचं दुकान, मागं ओतकामाची भट्टी. आता यंत्रावरच्या हलक्या समया बाहेरून येतात. आमच्या जड समया कुणी हातातसुद्धा धरत नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण घास पुढे केला की तोंड फिरवतो. गोळ्या घेतो, त्याही सून समोर उभी राहते म्हणून. तिनं खोलीची आतली कडी काढून टाकली. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

उरलेला माल मोडीत द्यायचं ठरलं. माळ्यावरच्या समया माझ्या नवऱ्यानं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवल्या होत्या. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलाच्या खोलीतच बसून कागद सोडवू लागले. तेवढीच त्याच्यावर नजर राहते.

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात आम्ही मराठी बोलतो, पण माझी शाळा तमिळ, तीही पाचवीपर्यंतच. कुंभकोणच्या दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तशी अक्षरं लावत मी वर्तमानपत्र वाचते. एका कागदावर येणाऱ्या वर्षाचा अंदाज छापला होता. हे सरकार दिवाळीपर्यंत टिकायचं नाही, असं वर लिहिलेलं. खाली व्यापाराचं: स्टीलपुढे पितळ उभं राहणार नाही, थोड्याच वर्षांत पितळेचा बाजार उठेल.

मला ते साल आठवलं. नवऱ्यानं कॉफी पिता पिता हे वाचलं, "ह्यांना कुणी विचारलंय," म्हणाला आणि भट्टी पेटवायला गेला. सरकार पूर्ण मुदत टिकलं. समयाही खपल्या, वरची खोली त्याच वेळी बांधली.

मी मोठ्यानं वाचू लागले. अडखळत, पुन्हा मागं जात.

"किती हळू वाचतेस, अम्मा," भिंतीकडून आवाज आला. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला होता.

"तुझ्यासारखी कॉलेजात गेले नव्हते मी. ऐक. आपला धंदा बुडणार म्हणून तेव्हाच लिहिलं होतं. बुडला का?"

"आता बुडला ना."

"आता. तेव्हा नाही. लिहिणाऱ्याला काय कळत होतं?"

तो उठून बसला. कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि खालपर्यंत वाचला.

"हे वाचलंस? इथून पुढं कावेरीला पाणी कमी पडायचं नाही म्हणे. शिकलेल्या पोरांना गावातच कामं मिळतील म्हणे." तो हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. "वाईट खोटं ठरलं म्हणून तू खूश. चांगलंही खोटंच ठरलं, अम्मा."

"मग आज जे सांगतात तेही खोटं ठरेल," मी म्हणाले.

"ठरेल. पण कुठलं?"

भांडता भांडता त्यानं माझ्या हातून थोडा दहीभात खाल्ला. मग परत भिंतीकडे वळला.

शुक्रवारी मोडवाला आला. समया पोत्यात भरून झाल्यावर कागदांकडे हात नेऊ लागला.

"ते राहू दे."

"रद्दीलापण भाव आहे, पाट्टी," तो आजीला समजवावं तसा म्हणाला.

"राहू दे म्हटलं ना. कानात काय ओतलंयस?"

कागदांचा ढीग आता मुलाच्या चटईशेजारी आहे. रोज दुपारी मी त्यातलं बुडण्याचं भाकीत शोधते, पुढं खोटं ठरलेलं. लग्नाच्या जाहिराती निघतात, सिनेमे निघतात. बुडण्याची भाकितंही पुष्कळ निघतात, पण त्यातली बरीचशी खरी ठरली. ती मी सोडून देते. बाकीची मुद्दाम हळू वाचते, मुद्दाम चुकते, म्हणजे तो चिडून हटकेल.

काल त्यानं एकदाही हटकलं नाही. मी तीच ओळ पुन्हा चुकीची वाचली. मग आणखी एकदा.