हौसाच्या पानातली भाकरी

गुंतवणूकदार म्हणजे काय, हे आमच्या आळीतल्या दमयंती घरतला तिच्या लेकीने, प्राचीने, तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा दमयंती म्हणाली, "म्हंजे पैसं त्यांचं, राबनार आमी, आनि मालक दोघं. कललं." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

धंदा तांदळाच्या भाकरीचा. बारा वर्षांपूर्वी एका हळदीला तिने भाकऱ्या पुरवल्या आणि आज पनवेलपासून उरणपर्यंतची हॉटेलं तिच्याकडून रोज चार हजार भाकऱ्या नेतात. गावाच्या टोकाला शेड, त्यात चाळीस बायका आणि चाळीस गॅसच्या शेगड्या, ज्यांना सगळ्या चूलच म्हणतात. पहिल्या दिवसापासून थापायला बसलेली म्हातारी हौसा सगळ्यांवर नजर ठेवून असायची. भाकरी वाकडी दिसली की ती टोपलीबाहेर! प्राचीची तर एकही टोपलीत गेली नव्हती. एमबीए झाल्यापासून तिने पिठाला हातच लावला नव्हता.

द्रोणागिरीला, गोदामांच्या वस्तीत, दुसरं किचन काढायचं प्राचीचं दोन वर्षांचं स्वप्न. त्यासाठी मायलेकी मुंबईच्या एका गुंतवणूकदार कंपनीच्या ऑफिसात गेल्या. प्राचीने तेवीस पानांचं प्रेझेंटेशन दिलं, दमयंतीने नुसता डबा उघडला. निर्णय ज्यांच्या हातात होता त्या निशा मॅडम दोन भाकऱ्या कोरड्याच खाऊन म्हणाल्या, "मंगळवारी चालू किचन बघायला येते. मग ठरवू."

मंगळवारी सकाळी हौसा वारली. आमच्या गावात मयत झाली की प्रेत उठेपर्यंत कुणाची चूल पेटत नाही.

"आई, शेड गावाबाहेर आहे," प्राची काकुळतीला आली. "दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"शेड भायेर हाय, बायका गावच्याच ना?" म्हणून दमयंती हौसाच्या दारात जाऊन बसली. मला प्राचीचा राग आला नाही. पोरीने जिवाचं रान केलं होतं.

दहाला मॅडम आल्या तेव्हा चाळीस थंड शेगड्या, झाकून ठेवलेल्या पराती आणि दारात एकटी प्राची. तिने आईला बोलावून घेतलं.

"मग आज हॉटेलांना काय देणार?" मॅडमनी विचारलं.

"टेम्पो सुटला की मगाशीच. माज्या म्हायेरच्या गावातून."

तिथे तिच्या भावजयीचंही असंच काम. इथे मयत झाली तर तिथल्या बायका दोन्हीकडच्या भाकऱ्या थापतात, तिथे झाली तर इथल्या. बारा वर्षांत एक ऑर्डर चुकलेली नाही.

"हे प्रेझेंटेशनमध्ये का नाही?"

प्राचीला सगळं ठाऊक होतं, पण मयत हा शब्द त्या तेवीस पानांत घालायची तिला लाज वाटली होती.

दमयंती म्हणाली, "त्यात काय सांगायचं? सगलीकडं आसंच आसतं ना?"

मॅडम हसल्या नाहीत. डायरीत काहीतरी लिहून घेतलं आणि निघाल्या.

नवव्या दिवशी मेल आला. पैसे मंजूर. अट एकच: जुनं किंवा नवं, कुठलंही किचन कुठल्याही कारणाने एक दिवसही बंद राहणार नाही.

प्राचीने ते आईला वाचून दाखवलं. दमयंती म्हणाली, "कर त्या कागदावर सई. तुजी मेहनत हाय."

"आणि उद्या तू गेलीस तर?"

"तर काय? भाकऱ्या चालू ठेवायच्या."

प्राची तिथेच रडायला लागली. डोळे पुसून तिने दोन ओळींचं उत्तर पाठवलं. आभार मानले आणि नाही म्हणून कळवलं. द्रोणागिरीचं किचन अजून झालेलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

हौसाच्या तेराव्याचा स्वयंपाक शेडमध्येच झाला. पहिली भाकरी थापायला प्राची बसली. हात भाजले, भाकरी वाकडी झाली आणि एका बाजूने फाटली. तिने ती गपचूप टोपलीबाहेर ठेवली. दमयंतीने ती उचलली आणि हौसासाठी काढलेल्या पानात वाढली.