झहूरचं मानसशास्त्र

कुवेतमधल्या अहमदीत तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये टायपिस्ट असलेल्या झहूर मुकादमाने मानसशास्त्राच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा त्याच्या क्वार्टरमधल्या मंडळींची महिनाभर फुकट करमणूक झाली. कुणी तळहात पुढे करून "माझं लग्न कधी ते सांग" म्हणे, कुणी रात्री पडलेलं स्वप्न सकाळच्या चहाबरोबर त्याच्यापुढे आणून ठेवी. बदरुद्दीनचाचा म्हणजे तिथल्या सगळ्या कोकणी लोकांचे वडीलधारे. कंपनीच्या बावर्चीखान्यात मोठ्या हुद्द्यावर. ते म्हणाले, "वेड्यांचं शास्त्र शिकायला मडमिणीकडं कशाला जातोस? माझ्या बावर्चीखान्यात येऊन बस, सगळे नमुने एका जागी बघायला मिळतील."

ही एकोणीसशे सत्तावन्नची गोष्ट. वसाहतीतल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचे वर्ग भरत आणि दारावरच्या पाटीवर ऐटीत 'कम्युनिटी कॉलेज' असं लिहिलेलं होतं. कॉलेज कसलं, बाकं सात-आठ वर्षांच्या पोरांची! मिशीवाले कारकून त्यांत अंग चोरून बसत आणि उठताना गुडघे चोळत. शिकवायला मिसेस हॉलिस, एका इंजिनियरची बायको. बाई मनापासून शिकवायची, प्रश्न विचारला की खूश व्हायची. हिशेबाच्या आणि शॉर्टहँडच्या वर्गाला गर्दी. मानसशास्त्राला दोन पॅलेस्टिनी कारकून, एक गोव्याची नर्स आणि आमचा झहूर. बढतीला उपयोग नाही, पगारात वाढ नाही. मग हा कशाला जात होता, असं कुणालाही वाटेल.

त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. झहूर सहा वर्षांचा असताना त्याची आई बाळंतपणात गेली. त्याला शेजारच्या घरात नेऊन ठेवलं आणि सांगितलं, आई आजोळी गेलीय. आजोळ खाडीपलीकडे. पोरगं रोज तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, धक्क्यावर जाऊन बसायचं. होडी लागली की उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघायचं. गावातल्या बायका त्याला बघून पदराने डोळे पुसायच्या, हातावर खोबऱ्याची वडी ठेवायच्या, पण खरं एकीनेही सांगितलं नाही. अख्खा पावसाळा गेला, ईद गेली. शेवटी एका भांडणात दुसऱ्या पोराने ते त्याच्या तोंडावर फेकलं. आई मेल्याचं दुःख तर झालंच, पण इतके दिवस सगळा गाव मिळून आपल्याला वेडा बनवत होता, हे त्याच्या मनाला जे लागलं ते कायमचं. मिसेस हॉलिसनी पहिल्याच तासाला सांगितलं, की लपवलेलं दुःख आत सडतं, माणसाला खरं सांगावं, रडू द्यावं. झहूरला वाटलं, ही बाई आपल्यासाठीच सातासमुद्रापलीकडून आलीय.

क्वार्टरमध्ये त्याची चेष्टा न करणारा माणूस एकच, इद्रीस. एकाच गावचे, एकाच मदरशात छड्या खाल्लेले. इद्रीस पाइपांच्या वर्कशॉपमध्ये फिटर. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. तर झहूरने आपलं शास्त्र त्याच्यावरच चालवायला घेतलं. कागदावर शाई टाकायची, कागद दुमडायचा, उघडून इद्रीसच्या नाकापुढे धरायचा.

"काय दिसतं सांग."

"शाई सांडलेली दिसते."

"अरे, नीट बघ. मनात येईल ते बोल."

"मनात येतं, की तू शाईची दौत फुकट घालवलीस."

झहूर कपाळाला हात लावी. पण इद्रीसचा त्याला फार लळा होता. इद्रीसची बायको शरीफा गावी होती, सासूजवळ. लग्नानंतर सहा महिन्यांनी इद्रीस बोटीवर चढला होता आणि त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती.

इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. परदेशात असलेल्या माणसाच्या घरी मौत झाली, तर ती बातमी त्याला कागदावरून कळवत नाहीत. बोटीने येणाऱ्या गाववाल्याच्या कानात सांगतात. तो इथे उतरला की आधी वडीलधाऱ्याला गाठतो. मग चारचौघं जमतात, साहेबाकडून रजा काढतात, बोटीचं तिकीट काढतात आणि त्या माणसाला एवढंच सांगतात, की घरी जरा बरं नाही, एक चक्कर मारून ये. खरी बातमी त्याला घराच्या उंबऱ्यावर, त्याच्या माणसांच्या मिठीत कळते. परमुलखात, परक्या भिंतींमध्ये कुणी एकटं रडू नये, हा त्यातला हेतू. रीत वाईट नव्हती. झहूरला मात्र ती ऐकली की तरीचा धक्का आठवायचा.

मार्चमध्ये नूरुद्दीन नावाचा गाववाला बोटीतून उतरला आणि सामानासकट थेट बदरुद्दीनचाचांच्या खोलीवर गेला. शरीफा तापाने गेली होती. नूरुद्दीन गावाहून निघाला त्याच्या आदल्याच आठवड्यात माती दिली होती. तीच बोट पुढे बसऱ्याला जाऊन परत येणार होती, तेव्हा इद्रीसला तिच्यावर चढवायचं ठरलं. झहूर त्या बैठकीत होता. तो उठून उभाच राहिला.

"चाचा, हे बरं नाही. त्याला खरं सांगा. तो काही लहान पोर नाही."

"म्हणून तर हे काम सोपं हाय," चाचा म्हणाले. "तू त्याच्या जवळचा. त्याला धक्क्यावर सोडून ये. नि तोंड मिटून ठेव."

"पण माणसाच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाय बाबा, आम्ही अंगठेबहाद्दर. पण आजवर कितीजणांना घरी लावलं, त्यांतला एकपण वेडा होऊन परत आला नाय."

दुसऱ्या दिवशी इद्रीसला सांगितलं. शरीफाला जरा बरं नाही, जाऊन ये. तो क्षणभर चाचांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि ट्रंक खाली ओढली. एक प्रश्न विचारला नाही. झहूरला वाटलं, हा किती भोळा आहे, याला शंकासुद्धा आली नाही!

बोटीच्या आदल्या दिवशी दोघं कंपनीच्या बसने कुवेत शहरात गेले, सुकात, म्हणजे तिथल्या बाजारात. इद्रीसच्या आईसाठी एक शाल घेऊन परत यायचं, असं झहूरच्या मनात होतं. पण इद्रीस कापडाच्या दुकानात शिरला तो तिथेच रमला. आयुष्यात ज्याने स्वतःसाठी दोन सदरे घासाघीस केल्याशिवाय घेतले नव्हते, तो ठाणावर ठाण उलगडायला लावत होता. "फिरोजी बघू की अंजिरी? ती गोरी हाय, तिला अंजिरी खुलेल ना?"  झहूर कसाबसा "खुलेल" म्हणाला. मग सपाता. इद्रीसने खिशातून गुंडाळलेला दोरा काढला. शरीफाच्या पावलाचं माप. दोन वर्षं त्याने तो पाकिटात जपला होता. दुकानदाराने सपाता पुढे केल्या की हा दोरा लावून बघे आणि मान हलवे. शेवटी एक जोड बरोबर बसला, तेव्हा इद्रीस चक्क हसला. झहूर दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, कारण आत उभं राहणं त्याला शक्य नव्हतं. मातीत गेलेल्या बाईच्या सपातांना माप लावणारा हा माणूस आणि तरीवरच्या बायकांची तोंडं बघणारं ते पोर यांच्यात त्याला काही फरक दिसेना. त्याच वेळी त्याने मनाशी ठरवलं, की या गुन्ह्यात आपण सामील व्हायचं नाही.

तेव्हा बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि लोकांना लाँचमधून तिथवर नेत. सकाळी धक्क्यावर ही गर्दी! वळकट्या, ट्रंका, हमालांची ओरड, रत्नागिरीपासून श्रीवर्धनपर्यंतचे ओळखीचे चेहरे. इद्रीस सपातांचं पुडकं काखेत धरून उभा होता. लाँचवाल्याने हाक दिली, तसा झहूरने त्याचा दंड धरला. आयत्या वेळी हळू बोलायचं त्याला सुचलं नाही. लाँचच्या इंजिनाच्या वर आवाज चढवून तो म्हणाला,

"इद्रीस, शरीफा गेली. आजारी नाही, गेली. मी तुला फसवणार नाही."

आसपासच्या सगळ्या माणसांनी वळून बघितलं. झहूरने दोन्ही हात पुढे केले होते. आता हा कोसळेल, मग आपण त्याला धरायचं, रडू द्यायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. इद्रीस कोसळला नाही. त्याने झहूरचा हात आपल्या दंडावरून हळूच काढला.

"मना ठाव होतं," तो म्हणाला. "चाचा बोलले तेव्हाच. जरा बरं नाही म्हणून कोण कुणाला बोटीवर चढवतं, झहूर? तूपण गावातच वाढलास ना?"

"मग काल… तो अंजिरी कपडा…"

"घेऊ दे की मना," इद्रीस म्हणाला आणि त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. "अजून कुणी बोललं नव्हतं. बोटीवर आठ-दहा दिवस मिळाले असते. घरी पोचेपर्यंत ती होती. तुना काय घाई झाली?"

तो लाँचमध्ये चढला. मागे वळून बघितलं नाही. लाँच निघाली तेव्हा एका म्हाताऱ्या मालवणवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला झहूरला दिसला. झालं, त्या हातापासूनच सुरू झालं. एरवी बोटीवरच्या लोकांनीही रीत सांभाळली असती, "बरी होईल रे" म्हणत त्याला सोबत केली असती. आता सगळ्यांनीच ऐकलं होतं. बोटीवर त्याच संध्याकाळी मौतीनंतर पढतात ती यासीन पढली, दुवा झाली, माणसं एकामागून एक येऊन त्याचं सांत्वन करून गेली. माणुसकीने वागली बिचारी, त्यांना काय दोष द्यायचा?

चाचा झहूरला एक शब्द बोलले नाहीत, हीच शिक्षा. चेष्टाही थांबली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला रोज जेवताना वाटायचं. वर्षअखेर मिसेस हॉलिसनी त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला. दुःख लपवू नये, या विषयावर त्याने तो जानेवारीतच लिहिला होता. "इतकं समजून लिहिणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता," असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या चिमुकल्या बाकावर झहूर मान खाली घालून बसून राहिला. दुसऱ्या वर्षाला त्याने नाव घातलं नाही. बाईंनी स्टोअरमध्ये येऊन कारण विचारलं, तर कामाचा ताण आहे म्हणाला. शाईची दौत पुढे फक्त लिहिण्यासाठीच वापरली.

इद्रीस कुवेतला परत आला नाही. मुंबईत माझगावला गोदीत लागला, एवढं कानावर आलं. झहूरने लग्न केलं, कुवेतमध्येच सालमियाला बिऱ्हाड मांडलं, हेडक्लार्क झाला. मधे दोनदा रजेवर मुंबईला उतरला, पण माझगावच्या बाजूला फिरकायचं धाडस झालं नाही. चौसष्ट साली मात्र गेला. गोदीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात दोघं बसले. इद्रीसचे केस पांढरे झाले होते. तो रागावलेला वगैरे नव्हता. त्यानेच चहा सांगितला, झहूरच्या मुलांची चौकशी केली. झहूरला ते जास्तच जड गेलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तो शेवटी बोलला.

"इद्रीस, मी चुकलो. मला माफ कर."

"सोड रे. आज ना उद्या कळायचंच होतं."

"तू म्हणालास, बोटीवर आठ-दहा दिवस मिळाले असते. त्या दिवसांत तू काय करणार होतास?"

इद्रीसने चहा बशीत ओतून बशी उचलली.

"मी निघालो ना, तेव्हा आमचं भांडण झालेलं," तो म्हणाला. "ती म्हणत होती, ईद करून जा. मी ऐकलं नाय. तरीवर आली, पण मी बोललो नाय तिच्याशी. वाटलं, पत्रात मिटवू. पण पत्रात काय लिहिणार? ती शिकलेली नव्हती. पत्र वाचणार मास्तर, ऐकणार आई. दोन वर्षं 'तब्येत सांभाळ' एवढंच लिहिलं. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू." त्याने बशी खाली ठेवली. "ती गेली ते कळलं मना. म्हणून म्हटलं, बोटीवर मिटवू. कपडा दाखवायचा, सपाता दाखवायच्या, रोज थोडं थोडं बोलायचं. मी ओळखतो तिला. मस्कतपर्यंत रुसून बसली असती. कराची मागं टाकल्यावर बोलायला लागली असती. मुंबई येईपर्यंत सगळं मिटलं असतं, झहूर. मग गेली असती तरी चाललं असतं."