राहीच्या विटकरी गोळ्या

राहीने सासूला सांगितलं होतं, या रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. मुरबाडकडच्या आमच्या पाड्यावर आशाताई गरोदर बायांना तशाच लाल गोळ्या वाटते, म्हणून कुणाला संशय आला नाही. मी आरोग्य उपकेंद्राकडून त्यांचं रक्त तपासतो. मीही पाकीट न बघता वहीत 'रक्तवाढीच्या गोळ्या चालू' लिहून मोकळा झालो.

खरं तर त्या आतड्याच्या सुजेवरच्या. लग्नाआधीपासून तिला शौचावाटे रक्त पडायचं. दिवस राहिले तेव्हा कल्याणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळ्या मनाने बंद करू नकोस. आजार उसळला तर बाळालाच धोका." तिने एक दिवस चुकवला नाही. बाळ आता दोन महिन्यांचं, अंगाने भरलेलं.

त्या दुपारी डब्यात गोळ्या नव्हत्या.

"दिपालीला दिल्या गो," सासू ठकूबाई म्हणाली. "तिचं रगत कमी हाय. तू तर बाळंत झालीस, तुला आता कशाला?"

दिपाली शेजारची, सातव्या महिन्यातली. राही धावतच तिच्या अंगणात आली. तिथे बाया वाल सोलत होत्या आणि मी रक्त तपासायची पेटी उघडून बसलो होतो. दिपालीच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातावर गोळी.

"खाऊ नको ती!"

"देऊन मागं घेतेस व्हय गो?" वाल सोलणाऱ्यांतली रंजना हसली.

राहीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्या रक्तवाढीच्या नाय. मला... संडासला रक्त पडतं. त्याच्या हाईत."

वाल सोलणारे हात थांबले.

"म्हंजे वाढवायची नाय, थांबवायची गोळी!" रंजना म्हणाली. एकदोघी पदराआड हसल्या.

मागून ठकूबाई बाळाला घेऊन आली होती. "आन् ह्या आजारात पोराला दूध पाजतेस?"

राहीने पोलक्यातून डॉक्टरांचा घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. मी मोठ्याने वाचला, "गोळ्या चालू ठेवाव्यात. बाळाला अंगावरचं दूध द्यावं."

ठकूबाईने बाळ राहीकडे दिलं.

राहीने आमच्याकडे पाठ केली आणि दिपालीच्या तांब्यातल्या पाण्याने दुपारची गोळी घेतली. तिचे कान लाल झाले होते. मी वहीतली जुनी ओळ खोडली आणि पहिल्यांदाच विचारलं, "गोळीचं नाव काय?"

वळून न बघताच तिने सांगितलं. तिला ते पाठ होतं.