गालाखालचा गरुड

आमच्या मोठ्या काकांना कलाकार म्हणायची आमच्या घरात पद्धत आहे. मी ती पाळत नाही, म्हणून काका मला फटकळ म्हणतात. फटकळ म्हणून नाव झालंच आहे, तर आता सगळं सांगूनच टाकते.

काका आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, मान हलवायची आणि कागद वरच्या मजल्यावर पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की मान हलवणं त्यांच्या अंगात मुरलं. शाळेत त्यांना एकदा चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं. त्या स्पर्धेत आणखी किती मुलं होती असं विचारलं की त्यांना हमखास खोकला येतो. निवृत्त झाल्यावर "आता मला कलेसाठी वेळ मिळेल" असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा काकूने कपाळाला हात लावला. आधी वेळ कशात जात होता, हे तिला तरी कुठे माहीत होतं?

मग त्यांनी लाकडावर डाग देऊन चित्रं काढायचं यंत्र आणलं. रेडिओ दुरुस्त करणारे डाग द्यायला वापरतात तसलाच तापणारा पेन. वायर भिंतीत खुपसायची, टोक तापलं की लाकडावर टेकवायचं, चर्र आवाज करत तपकिरी रेघ उमटते. घराच्या वरच्या मजल्यावर, जिथे काका-काकू राहतात, कायम जळकट वास यायला लागला. स्टूल झालं, कपड्यांचे हँगर झाले, दाराची पाटी झाली. पाव कापायच्या फळीवर त्यांनी बदक काढलं. ते बदक आहे हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. काकूने आपला लाकडी कंगवा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. येणारेजाणारे मात्र "वा, वा" म्हणत त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिले. त्यांचं काय जातं! चहा पिऊन ते आपापल्या घरी जात, बदक आमच्याकडे राही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण माझ्या धाकट्या बहिणीकडे बंदूक होती.

धाकटी नेमबाज आहे. एका जुन्या गोदामात नेमबाजीचा वर्ग चालतो, तिथे ती शाळेपासून जाते. बंदूक छऱ्यांची, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. तिचा लाकडी दस्ता एखाद्या दांडगट माणसाच्या मापाचा होता आणि आमची धाकटी अंगाने काडी. दस्त्याच्या ज्या कडेवर गाल टेकवायचा ती कड तिला फार खाली पडायची. मग शिकवणाऱ्या बाईंनी त्या कडेवर लाकडात भरायची लांबी थापून उंचवटा केला. नेम धरून बघायचं, थोडी लांबी चढवायची, वाळली की कानशीने थोडी घासायची, पुन्हा नेम धरायचा. असं कित्येक आठवडे चाललं. शेवटी एक दिवस धाकटीने डोळे मिटून गाल टेकवला, डोळे उघडले, आणि डोळा बरोबर नेम धरायच्या मागच्या भोकासमोर होता. त्या दिवशी ती घरी नाचत आली. दिसायला तो उंचवटा म्हणजे नुसतं टेंगूळ होतं, राखाडी, वेडंवाकडं. पण धाकटीचा सगळा खेळ त्या टेंगळावर उभा होता.

यंदा तिच्या वयोगटाचं शेवटचं वर्ष होतं. संघाच्या निवड चाचणीत नाव आलं तर पुढे मोठं शिबिर, मोठ्या स्पर्धा, सगळं खुलं. नाही आलं तर थेट मोठ्यांच्या गटात, तिथे महागड्या बंदुका घेऊन उतरलेल्या लोकांपुढे हिला कोण विचारणार? हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. काकांनाही माहीत होतं, कारण त्यांच्यासमोर रोज तोच विषय.

दस्त्याचं जुनं पॉलिश पापुद्रे निघून तिच्या घामेजल्या तळव्याला चिकटायला लागलं होतं. एक हात पॉलिश हवं होतं, बस. मी म्हटलं, कोपऱ्यावरचा पॉलिशवाला करून देईल. बाबा म्हणाले, "घरात कलाकार असताना बाहेर कशाला? दादाला सांगू. त्याला बरं वाटेल."

आमच्या घरात जेवढी वाट लागली आहे, ती कुणाला ना कुणाला बरं वाटावं म्हणूनच लागली आहे.

धाकटी स्वतः बंदूक घेऊन वर गेली. मी तिच्या मागेच होते, म्हणजे साक्षीदार मीच. ती म्हणाली, "काका, फक्त पॉलिश हं. आणि ही गालाची जागा आहे ना, तिला अजिबात हात लावू नका."

काकांनी मान हलवली. त्या कचेरीत नळाला पाणी नाही म्हणून आलेल्या माणसासमोर ते मान हलवत असत, अगदी तशीच. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण एखादा माणूस इतकं सोपं वाक्यही ऐकत नसेल असं कुणाच्या मनात येईल?

त्यानंतर दस्ता जुन्या चादरीखाली गेला. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नसतं म्हणे! धाकटी वर्गातल्या सामाईक बंदुकीवर सराव करत राहिली आणि रोज विचारत राहिली. "कलेला घाई चालत नाही," हे उत्तर. बाबांना मी दोनदा सांगितलं की बंदूक परत आणा. ते तोंडात गुळणी धरून बसले. थोरल्या भावाला काही म्हणायचं म्हटलं की त्यांचा आवाजच बसतो.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी काकांनी आम्हां सगळ्यांना वर बोलावलं, खुर्च्यांवर बसवलं आणि चादर ओढली.

लाकूड सुरेख निघालं होतं, खोटं कशाला बोलू? जुनं पॉलिश उतरवून, काचेच्या तुकड्याने खरवडून, आधी जाड आणि मग बारीक सँडपेपर मारून त्यांनी आतलं अक्रोडाचं लाकूड आरशासारखं केलं होतं. ओल्या फडक्याने पुसून लाकडाची लव उभी करायची आणि पुन्हा घासायचं, हेसुद्धा त्यांनी केलं होतं. त्यांचा हात स्थिर आहे. डोकं कुठे असतं, देव जाणे. कारण त्या सुंदर लाकडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक गरुड पंख पसरून बसला होता. पिसं एकेक करून जाळून काढलेली. मुद्रा मात्र दाणे न मिळालेल्या कोंबडीची. खाली काकांची सही, गरुडाच्या पायांपेक्षा मोठी. वरून तेलाचा ताजा हात, अजून ओला.

आणि वरची कड सरळ. पट्टीने आखल्यासारखी सरळ.

धाकटीने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. मग मान वर केली, पुन्हा टेकवला.

"काका, इथे उंचवटा होता."

"ते टेंगूळ? काढलं की!" काका खुलले. "कुण्या अडाण्याने थापलं होतं कोण जाणे. घासून घासून हात भरून आले माझे. आता बघ कशी एकसारखी रेघ आली."

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"अगं, गरुडाचं डोकं कुठे बसवणार होतो मी?"

हे त्यांनी इतक्या निष्पापपणे विचारलं की क्षणभर आम्हांलाच वाटावं, खरंच, कुठे बसवणार होते बिचारे. आईने धाकटीकडे डोळे वटारून पाहिलं. बाबा म्हणाले, "छान झालंय हो दादा." धाकटीच्या ओठांचा कोपरा हलला आणि ती म्हणाली, "छान आहे, काका."

मी नाही म्हटलं छान. मी म्हटलं, "तिचं वर्ष तुम्ही त्या कोंबडीच्या घशात घातलंत." काका म्हणाले, "आली फटकळ!" बाबा माझ्यावर ओरडले की मोठ्यांशी असं बोलतात का. थोरल्यासमोर बसलेला त्यांचा आवाज माझ्यासाठी मात्र लगेच उठला.

सकाळी गोदामात बाईंनी दस्ता हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. पुठ्ठ्याच्या घड्या करून त्यांनी त्या कडेवर ठेवल्या आणि त्या चिकटपट्टीने गुंडाळायला लागल्या. पण तेल वाळलेलं नव्हतं, पट्टी धरेना. एका बाजूने बसवली की दुसरीकडून सुटायची. सामाईक बंदूक घ्यायची तर ती दुसऱ्याच कुणीतरी चाचणीला घेतलेली. शेवटी पुठ्ठा कसाबसा बसला आणि धाकटीचा नंबर पुकारला.

पहिल्या काही छऱ्यांपर्यंत पुठ्ठा टिकला, आणि तेवढे छरे मधोमध लागले. मग तो सरकला. डोळा भोकासमोर आणायला तिला गाल लाकडावरून उचलून मान अधांतरी धरावी लागत होती. अशी मान किती वेळ धरणार? थरथर मला काचेपलीकडून दिसत होती. एक छरा खाली, एक डावीकडे, मग पुन्हा खाली. ती दर वेळी बंदूक उतरवायची, श्वास घ्यायची, पुठ्ठा अंगठ्याने दाबायची. मला इतका राग आला होता की माझेच दात दुखायला लागले.

आणि माझ्या शेजारी काका. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ओळख ना पाळख अशा माणसांना बोट दाखवून सांगत होते, "ती गरुडवाली आहे ना, ती. काम माझं." दोघातिघांनी वाहवा केली, तेव्हा त्यांनी मिशीवरून हात फिरवला. धाकटीच्या निशाण्यावर काय चाललंय तिकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

यादी लागली. धाकटीचं नाव थोडक्यात हुकलं. बाईंनी बाबांना एवढंच विचारलं, "बंदूक कुणाकडे दिली होती?" बाबा आपल्या बुटांकडे बघत राहिले. धाकटीच्या गालाला तेलाचा तपकिरी पट्टा लागला होता, तो ती रुमालाने पुसत होती.

परत येताना वाटेत काकाच तेवढे बोलत होते. "सगळ्यांच्या बंदुका कशा काळ्या, भकास! आपलीच काय ती उठून दिसत होती."

घरी आल्यावर धाकटीने बंदूक टेबलावर ठेवली. काकांनी विचारलं, "आता पुढची चाचणी कधी?"

"नाही आता. माझा वयोगट संपला, काका."

"अस्सं?" काका विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं आणि मला वाटलं, आता कळलं. शेवटी माणूसच आहे, आता कळलं असणार. आई पदराशी चाळा करत होती, काकूने खाली बघितलं, बाबांनी तर श्वासच धरला होता.

"म्हणजे ही आता वापरात नाही," काका म्हणाले. "मग भिंतीवर लावू या की! उगाच हाताळून गरुड झिजायचा."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी धाकटीच बोलली. "लावा काका. तुमचीच आहे ती आता."

हा आपला गौरव आहे, असंच काकांना वाटलं. त्यांचे डोळे पाणावले. तिच्या पाठीवर थोपटून ते लगबगीने ड्रिल घेऊन आले, जागा हेरली, आणि आपणच डाग देऊन सजवलेल्या स्टुलावर चढले. जळक्या पायांचं ते स्टूल डुगडुगायला लागलं. ते लाथ मारून उडवून द्यावं असं मला मनापासून वाटलं. बाबा जागचे हलले नाहीत. धाकटी उठली, स्टुलाजवळ जाऊन खाली बसली आणि काका पडू नयेत म्हणून तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.