वादीत भिरकावलेले सात दगड

शुक्रवारी सकाळी मस्कतमधल्या अल् खुवैरच्या आमच्या इमारतीखाली गाडीत बसताना सासूबाईंनी दोन शाली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि एक चाकू सोबत घेतला. "आई, संध्याकाळी परत येतोय आपण," मी म्हटलं. "असू दे गं. परक्यांच्या घरी काय मिळतं काय नाही," त्या म्हणाल्या. मी सांगून पाहिलं की घर नाहीये, नदीचं पात्र आहे. त्यावर त्यांनी आणखी एक शाल मागवली.

आम्ही निघालो होतो किरगिझ लोकांच्या नोरूझला (वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला). ओमानमध्ये बसून किरगिझस्तानचा सण बघणार म्हटल्यावर ओळखीच्या बायका हसल्या होत्या. पण आमच्या वरच्या मजल्यावर गुलनारा राहते. अझैब्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती कामाला आहे. तिचं इंग्रजी तोडकं, माझंही काही फार भारी नाही, त्यामुळे मधेमधे अरबी शब्द पेरून आमचं छान भागतं. आमंत्रण देताना ती हसत होती, पण काळजीत दिसली. ओमानमधली किरगिझ माणसं मूठभर, तीही चार दिशांना. कुणी दुक्मच्या प्रकल्पावर, कुणी सलालाच्या हॉटेलात, एक कुटुंब सोहारला. वर्षातून या एका दिवशी भेटायचं, एवढंच ठरलेलं. मागच्या वर्षी निम्मी माणसं आलीच नाहीत, वर सणाचा मुख्य पदार्थही करपला. "या वेळी कढई माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पुन्हा बिघडलं तर पुढच्या वर्षी कोण येणार? खलास." मला फार वाईट वाटलं. मी लगेच तिघांचं येणं कबूल केलं, नवऱ्याला न विचारता.

कुरियातच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला आणि वादीत (कोरड्या नदीच्या पात्रात) उतरलो. दोन्ही बाजूंना गवताची काडी नसलेले तपकिरी डोंगर आणि मधे नजर जाईल तिथपर्यंत गोटेच गोटे. महेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आत्मविश्वासाने गाडी पुढे घातली आणि मागचं चाक खडीत रुतवून ठेवलं. शेळ्या आणि एक गाढव घेऊन चाललेला एक ओमानी म्हातारा, हमद त्याचं नाव, शांतपणे आला. त्याने टायरमधली थोडी हवा सोडली, महेशला बाजूला बसवलं आणि गाडी स्वतः बाहेर काढली. "इंडिया?" त्याने विचारलं. महेशने मान डोलावली. "गाडी चांगली आहे," तो म्हणाला. चालकाबद्दल काहीच बोलला नाही.

खजुरीच्या झाडांखाली तंबू लागले होते. दोरीवर लाल-काळ्या नक्षीचे शिरदाक (जाड लोकरी गालिचे) टांगलेले, पुरुषांच्या डोक्यावर अक-कालपाक (पांढऱ्या लोकरीच्या उंच टोप्या). गेल्या गेल्या आमच्या हातात गरम बोर्सोक (कणकेचे तळलेले तुकडे) आले. सासूबाईंनी एक खाल्ला, मग आणखी दोन. "शंकरपाळ्यांत साखर विसरल्यात, पण तळण झकास," असा निकाल त्यांनी दिला आणि सगळ्यांना चटणी वाढायला घेतली. घोडे नव्हते, त्याची मात्र सगळ्यांना हळहळ. दुक्महून आलेले बकीतकाका, साठीच्या घरातले वेल्डर, म्हणाले की घोड्यांशिवाय नोरूझ हे जरा लाजिरवाणंच. शेवटी हमदच्या गाढवावर पोरांना बसवून शर्यत लावली. गाढव एकच असल्याने तेच पहिलं आलं आणि त्यालाही टाळ्या मिळाल्या.

मधोमध भली मोठी कढई होती, आदल्या संध्याकाळपासून चुलीवर चढलेली. तिच्यात सुमोलोक शिजत होतं (मोड आलेला गहू वाटून, पीठ आणि तेल घालून आटवलेली लापशी). साखरेचा कण नाही, सगळा गोडवा गव्हाच्या मोडांचा. सासूबाईंनी कढईत डोकावलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "अगं मीनल, हा तर आपला कुरडयांचा चीक." भारतातून आल्यापासून दोन महिने आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना कुणी स्वयंपाकाला हात लावू दिला नव्हता. त्यांनी पदर खोचला, गुलनाराच्या हातातून लाकडी उलथनं घेतलं आणि ढवळायला लागल्या. गुलनाराला भाषा कळत नव्हती, हात मात्र कळला. दोन मिनिटं बघून ती म्हणाली, "आपा (आई), व्हेरी गुड," आणि सलालाहून आलेल्या पाहुण्यांना घ्यायला गेली. मीही तिच्याबरोबर गेले. तिथेच चूक झाली.

परत आलो तेव्हा सासूबाई घाम पुसत विजयी मुद्रेने उभ्या होत्या. "एवढी हुशार पोर, पण लक्ष नाही गं तिचं. तळाशी हे एवढाले दगड खडखडत होते. पोरांनी टाकले असणार. झाऱ्याने एकेक करून काढले आणि दिले भिरकावून."

गुलनाराने कढईत उलथनं फिरवलं. आवाज आला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ते सात दगड मुद्दाम घातलेले असतात, तिने मला सांगितलं. ढवळताना ते तळाशी फिरत राहतात आणि लापशी लागू देत नाहीत. आणि हे सात तिच्या गावच्या नदीतले होते, तिच्या आईने येताना पिशवीत घालून दिलेले. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी एकदा वादीकडे बघितलं, त्या हजारो गोट्यांकडे, आणि मटकन खाली बसल्या. "मेले मी. देवाच्या नैवेद्यात हात घातला," त्या म्हणाल्या. जन्मभर तांदूळ-गहू निवडलेल्या बाईला अन्नात दगड दिसल्यावर ती दुसरं काय करणार? पण त्या क्षणी मला ते सुचलंही नाही, मला फक्त जमीन दुभंगावी असं वाटत होतं.

सगळे दगड शोधायला धावले. टोप्या घातलेले पुरुष, पोरं, महेश, सगळे वाकून वाकून. "हा का?" "नाही." "मग हा?" गुलनारा प्रत्येक दगड हातात घेऊन परत ठेवत होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिकडे कढईला सासूबाई जुंपल्या होत्या. तळ खरवडत, एक क्षण न थांबता, रडत आणि ढवळत. "चीक लागू देणार नाही मी," एवढंच त्या पुटपुटत होत्या.

हमद शेळ्या सोडून हा तमाशा बघत उभा होता. त्याने विचारलं, हरवलं काय? दगड, असं उत्तर ऐकून त्याने संपूर्ण वादीवरून नजर फिरवली आणि आदराने मान डोलावली. खरा प्रकार कळल्यावर मात्र म्हणाला, "काळे घ्या. पांढरे आगीत फुटतात. आम्ही दगडांवरच मटण भाजतो."

बकीतकाकांनी गुलनाराला विचारलंच नाही. एक काळा गुळगुळीत गोटा उचलला, बाटलीतल्या पाण्याच्या धारेत धुतला, पुसून कोरडा केला आणि कढईत सोडला. "दुक्म," ते म्हणाले. मग सलालाच्या मुलींनी एक आणला. सोहारच्या कुटुंबाने एक. आणखी तिघांनी आणले. असे सहा झाले तेव्हा गुलनाराने डोळे पुसले आणि सासूबाईंकडे बोट दाखवलं. सासूबाई नको नको म्हणत होत्या. "यल्ला (चला), आपा," ती म्हणाली. त्यांनी सातवा वेचला, कपाळाला लावला आणि हळूच आत सोडला. कढई पुन्हा खडखडायला लागली आणि सगळे हसले.

दुपारी झाकण निघालं. सुमोलोक तपकिरी, दाट, तुकतुकीत आणि कुठेही लागलेलं नाही. बकीतकाकांनी दोन्ही ओंजळी पसरून आशीर्वादाचे शब्द म्हटले, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि वाट्या भरल्या. चव सांगू? गूळ न घातलेल्या गुळवणीची. मी तीन वाट्या खाल्ल्या. ज्याच्या वाटीत दगड येईल त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणे. महेशने पहिल्याच घासाला दगडावर दात आपटला, आणि गुलनाराने आधी त्याचा दात तपासला, मग अभिनंदन केलं. कुणीतरी कोमुझ (तीन तारांचं वाद्य) छेडलं आणि सासूबाई चक्क गुलनाराचा हात धरून फुगडीला उभ्या राहिल्या.

निघायची वेळ झाली. गुलनारा रुमाल पसरून दगड गोळा करायला फिरू लागली. आईचे ते सात दगड ती जपून स्वतःच्या कपाटात ठेवायची, त्याच सवयीने. ती बकीतकाकांसमोर आली. त्यांनी आपल्या वाटीत आलेला दगड खिशात टाकला. "हा माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी आणला नाही तर तुझी कढई करपेल. म्हणजे यावंच लागणार." सलालाच्या मुलींनीही दिला नाही. सोहारवाल्यांनी पोराच्या मुठीत ठेवला. गुलनारा रिकामा रुमाल घेऊन उभी राहिली. मला रडू आवरत नव्हतं.

परतीच्या वाटेवर डांबरी रस्ता लागला तेव्हा सासूबाईंनी महेशकडून त्याचा दगड मागून घेतला आणि शालीच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

"आई, विमानात दगड नेणार तू?" महेशने विचारलं.

"नेणार. आणि मार्चात परत आणणार. पोरीची कढई अडायला नको. तिकीट आत्ताच काढून ठेव, मागाहून महाग होतं म्हणतोस ना."

महेश गाडी चालवताना हसत होता. मस्कतमध्ये इतकी वर्षं काढली. इथे भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, परत कधी जाणार? आम्हीही तेच विचारतो, सुट्टीत, लग्नात, लिफ्टमध्ये. इथे परत कधी यायचं हे आधी ठरवून मग घरी जायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती माझी सासू होती.