कडू घासाचा डबा

आई गेल्यावर आबांना मी मेलबर्नला घेऊन आलो, ते कायमचे राहावेत म्हणून. पुसेगावजवळच्या आमच्या गावात ते एकटेच भाकरी थापतात आणि एकटेच जेवतात, हे मला इथे स्वस्थ बसू देत नव्हतं. ते माझ्याजवळ राहिले की मी सुटेन, असं वाटायचं. त्यात त्यांच्यापेक्षा माझाच विचार जास्त होता.

आमचा भाग महागडा आणि शांत आहे. कापलेली हिरवळ, बंद दारं. संध्याकाळी कुत्र्याला फिरवणारं कुणी दिसलंच तर मान हलवून पुढे जातं. आबा दिवसभर पुढच्या पायरीवर बसून असायचे.

"इथं माणसं राहतेत का रं, का नुसत्या मोटारीच?"

"कामाला जातेत, आबा."

"अन् आल्यावर?"

"दमलेली असतेत."

"तुह्यावानी," ते म्हणाले.

एका सकाळी समोरच्या घरून एक लांब काळी गाडी निघून गेली. आबांनी मला बाहेर बोलावलं.

"समोरचा म्हातारा गेला. कोन होता?"

इतकी वर्षं त्याच्या समोर राहून मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

मी आत जाऊन ऑफिसच्या कामाला लागलो. थोड्या वेळाने पिठल्याचा वास आला. ज्या घरचं माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेऊन देतात. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. आबा टोपी घालून, डबा घेऊन दाराशी उभे होते.

"आबा, इथं असं जात न्हाईत. आधी इचारावं लागतं."

"मयताच्या घरी काय इचारायचं? भूक लागली का म्हनून?"

"त्याच्या बायकोला तिखट चालनार न्हाई."

"मिरची टाकलीच न्हाई. येडा समजून राहिला का मला?"

त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. मी सोबत जायला हवं होतं. पण मीटिंग चालू होती, आणि खरं म्हणजे मला लाज वाटत होती. मी कानाला हेडफोन लावून खिडकीतून बघत राहिलो.

म्हातारीने दार उघडलं. आबांनी डबा तिच्या हातात दिला, तिच्याच पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती बराच वेळ उभी राहिली. मग पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. ऑफिसातल्या कुणीतरी मला काही विचारलं, मी उत्तर दिलं. परत पाहिलं तर ते तसेच बसलेले. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. आबा नुसतेच उठून आले.

त्या संध्याकाळी ते म्हणाले, "मला गावाकडं नेऊन सोड."

"काहून, आबा? काय तकलीफ हाय इथं?"

"तकलीफ कायबी न्हाई. पर दिवसभर तिच्या दारात दुसरं कोनी आलं न्हाई. मी पाहूनच राहिलो होतो." मग म्हणाले, "मह्या टायमाला तिथं गाव येईल. इथं तुला एकट्याला लई जड जाईल रं."

मी वाद घातला. व्हिसा, डॉक्टर, थंडीचे कपडे, सगळं बोलून झालं. ते ऐकून घेत होते. शेवटी मीच थकलो आणि त्यांना गावी सोडून आलो.

आता दर रविवारी फोन असतो. सोयाबीन, पाऊस, गुडघा हे सगळं नंतर, आधी ते विचारतात, "ती बाई कशी हाय?"

"बरी हाय," मी म्हणतो. तिची गाडी जागेवर दिसते, एवढ्यावरून म्हणतो. मधला रस्ता मी अजून ओलांडलेला नाही.

"डबा आन की जाऊन. तेवढंच जानं होईल."

गेल्या रविवारी मी सांगून टाकलं, "आनला, आबा."

"बरं केलंस." त्यांना मनापासून बरं वाटलं, आवाजावरूनच कळलं. "मंग, काय घालून देलं बाईनं?"

आमच्याकडे शेजारचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. मूठभर शेंगा तरी घालतात. हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"नुसताच देला," मी म्हणालो.



"व्हय," आबा म्हणाले, "तिकडं तसंच असंल." आणि गुडघ्याचं सांगू लागले.